एका पराभवाची किंमत

२७ डिसेंबर २०२४ च्या रात्री दबंग दिल्लीचा हंगाम चाळीस मिनिटांत संपला. प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामात दिल्लीने साखळीतले बावीस सामने खेळून ८१ गुण मिळवले होते आणि दुसरा क्रमांक पटकावला होता. उपांत्य सामन्यात त्यांच्यासमोर आला चौथ्या क्रमांकावरचा पाटणा पायरेट्स. पाटण्याने सामना ३२-२८ असा जिंकला. फरक चार गुणांचा, म्हणजे एखाद्या बोनसचा, एखाद्या फसलेल्या पकडीचा. पण त्या चार गुणांनी दिल्लीची अडीच महिन्यांची कमाई पुसून टाकली. दोन दिवसांनी हरियाणा स्टीलर्सने पाटण्याला ३२-२३ असं नमवून पहिल्यांदा करंडक उचलला. त्या अंतिम सामन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिवम पटारेच्या चढायांनी पाटण्याला पुरतं दमवलं.

हे सगळं घडलं म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये. मुळशी धरणातून येणारी मुळा नदी पुण्यात शिरते त्याच टप्प्यावर, महामार्गाला लागून हे संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारलं गेलं. म्हाळुंगे हे मूळचं मुळशी तालुक्यातलं गाव, २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत गेलं. मुळशीची ओळख कुस्तीची असली, तरी हिंजवडी, माण, सूस या पट्ट्यातल्या कबड्डीवेड्यांना देशातली सर्वांत मोठी लीग त्या डिसेंबरमध्ये दुचाकीच्या अंतरावर बघायला मिळाली. सलत होती ती एकच गोष्ट. गतविजेता पुणेरी पलटण आठव्या क्रमांकावर घसरला होता आणि बाद फेरीत फक्त पहिल्या सहा संघांना जागा होती. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, पण खेळायला घरचा संघ नाही.

दहा महिन्यांनी चित्र पालटलं. बाराव्या हंगामात पलटण साखळीत पहिला आला आणि दिल्ली दुसरी. दोघांचेही गुण २६, पण गुणफरकात पलटण सरस ठरला. क्वालिफायर-१ मध्ये हे दोघे समोरासमोर आले, सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला आणि जादा चढायांच्या डावात दिल्लीने ६-४ अशी बाजी मारली. पलटण हरला, पण बाहेर गेला नाही. त्याला आणखी एक सामना मिळाला. त्यात त्याने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवलं आणि अंतिम फेरीत पुन्हा दिल्लीसमोर उभा राहिला. ३१ ऑक्टोबर २०२५ चा तो अंतिम सामना दिल्लीने ३१-२८ असा जिंकला.

साखळीतल्या पहिल्या दोघांपैकी एक संघ २०२४ मध्ये एका पराभवात संपतो आणि २०२५ मध्ये तशाच पराभवानंतर अंतिम फेरी गाठतो. मधल्या काळात लीगने बाद फेरीचं अख्खं गणित बदललं होतं. कबड्डीच्या गप्पांत चढाईपटूंची, लिलावातल्या बोलीची चर्चा खूप होते; स्पर्धेच्या आराखड्याची क्वचितच. वास्तविक कोण विजेता होऊ शकतो हे जितकं खेळाडू ठरवतात, तितकंच हा आराखडा ठरवतो.

नवी रचना अशी आहे. बारा संघांपैकी आठ पुढे जातात. पाचव्या क्रमांकाचा संघ आठव्याशी आणि सहावा सातव्याशी ‘प्ले-इन’ खेळतो. हरणारा घरी जातो. जिंकलेले दोघे एलिमिनेटर-१ मध्ये एकमेकांशी भिडतात. त्याच वेळी तिसरा आणि चौथा ‘मिनी क्वालिफायर’ खेळतात आणि इथे हरणाऱ्याला लगेच निरोप मिळत नाही. तो एलिमिनेटर-२ मध्ये खालून वर आलेल्या संघाशी खेळतो. तिथला विजेता एलिमिनेटर-३ मध्ये मिनी क्वालिफायर जिंकलेल्या संघाला गाठतो. पहिला आणि दुसरा या सगळ्या धुमश्चक्रीपासून दूर असतात. त्यांचा सामना थेट क्वालिफायर-१ मध्ये होतो. जिंकणारा अंतिम फेरीत जातो आणि हरणारा क्वालिफायर-२ मध्ये एलिमिनेटर-३ च्या विजेत्याची वाट बघतो. पूर्वी बाद फेरीचे पाच सामने होते, आता नऊ झाले.

वाचताना गुंतागुंत वाटते, पण बोटांवर मोजलं की उलगडते. पहिल्या दोन संघांना करंडकासाठी दोन विजय पुरतात आणि वाटेत एक पराभव झाला तर आणखी एक सामना खेळून तो भरून काढता येतो. तिसऱ्या-चौथ्याला चार विजय हवेत. त्यांनाही सुरुवातीचा एक पराभव माफ आहे. पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या संघांना मात्र सहाच्या सहा सामने जिंकावे लागतात आणि एकही माफ नाही. दार जास्त जणांसाठी उघडलं आहे, पण उशिरा आलेल्याला शिडीच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

त्या पायऱ्या किती दमवतात हे पाटणा पायरेट्सला विचारावं. बाराव्या हंगामात हा संघ कसाबसा सातव्या क्रमांकावर आला, पण आला तो पेटून. प्ले-इनमध्ये यू मुम्बाला ४०-३१, एलिमिनेटर-१ मध्ये जयपूरला ४८-३२, एलिमिनेटर-२ मध्ये बेंगळुरू बुल्सला ४६-३७. तरुण चढाईपटू अयान लोहचब प्रत्येक सामन्यात बचावफळ्या फोडत होता. पण हे सामने होते लागोपाठच्या दिवशी. २८ ऑक्टोबरला चौथ्या दिवशी चौथा सामना आला आणि तेलुगू टायटन्सने पाटण्याला ४६-३९ असं थांबवलं. तीन विजय मिळवूनही पाटणा अंतिम फेरीपासून दोन पावलं दूरच होता.

कबड्डीत लागोपाठ चार दिवस खेळण्याचा अर्थ काय, हे ज्याने कधी मॅटवर घोटा धरला आहे त्यालाच कळेल. चढाई तीस सेकंदांची असते, पण त्या तीस सेकंदांत चढाईपटू सात जणांच्या अंगावर जातो आणि सुटताना दोन-तीन धिप्पाड बचावपटूंचं वजन पायावर घेऊन मध्यरेषेकडे झेपावतो. कोपरारक्षकाचे खांदे, मनगटं, बोटं पट्ट्यांनी गुंडाळलेली असतात. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये बाद फेरीची एकेक लढत सात सामन्यांची असते. खरा बलवान संघ तिथे बहुधा तरतोच. कबड्डीत सात सामन्यांची लढत अशक्य आहे, खेळाडूंच्या शरीराला ते झेपूच शकत नाही. त्यामुळे थोड्या सामन्यांत न्याय कसा करायचा, हा कबड्डीपुढचा खरा पेच आहे.

लीगने हा पेच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवून पाहिला आहे. २०१४ मध्ये आठ संघांनिशी स्पर्धा सुरू झाली तेव्हा सरळसोट पद्धत होती: पहिले चार उपांत्य फेरीत, मग अंतिम सामना. पहिलं विजेतेपद जयपूर पिंक पँथर्सने यू मुम्बाला ३५-२४ असं हरवून मिळवलं. पाचव्या हंगामात, २०१७ मध्ये, संघ बारा झाले, त्यांचे दोन गट पडले आणि प्रत्येक गटातले तिघे पुढे गेले. तेव्हाच क्वालिफायर आणि एलिमिनेटर हे शब्द कबड्डीत आले. त्या वर्षी पाटणा आपल्या गटात दुसरा होता, त्यामुळे त्याला दुसरी संधी नव्हती. हरियाणाविरुद्धच्या एलिमिनेटरमध्ये प्रदीप नरवालने चढाईत ३४ गुण कमावले. त्यातल्या एका चढाईत त्याने समोरचे सहाच्या सहा टिपून लोणसह आठ गुण आणले. पाटण्याने तो सामना ६९-३० असा जिंकला, मग पुणेरी पलटणला, मग बंगालला हरवलं आणि अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ असं लोळवलं. खालून येऊनही करंडक जिंकता येतो, हे त्या पाटण्याने दाखवलं; पण त्यासाठी प्रदीपसारखा भरात असलेला माणूस लागतो.

२०१९ मध्ये सातव्या हंगामात गट मोडले. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळू लागला आणि पहिले सहा पुढे जाऊ लागले. तिसरा ते सहावा यांच्यात एलिमिनेटर, पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. विश्रांती मिळाली, पण दुसरी संधी गेली. हीच पद्धत अकराव्या हंगामापर्यंत टिकली.

ती किती अन्यायकारक होती? निकाल पाहिले तर फारशी नाही. सातव्या, आठव्या आणि नवव्या हंगामात साखळीतले पहिले दोघेच अंतिम फेरीत पोहोचले. दहाव्या हंगामात पुणेरी पलटण ९६ गुणांनिशी पहिला आला, साखळीत फक्त दोन सामने हरला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेताही झाला. पण त्याच हंगामात दुसऱ्या क्रमांकावरचा, ९२ गुणांचा जयपूर उपांत्य सामन्यात पाचव्या क्रमांकाच्या हरियाणाकडून ३१-२७ असा हरून बाहेर पडला. मग अकराव्या हंगामात बालेवाडीत दिल्ली. पाच हंगामांत पहिल्या दोन क्रमांकांवरचे दहा संघ होते आणि त्यातले आठ अंतिम फेरीत गेले. तरीही उरलेल्या दोघांचं दुःख खोटं ठरत नाही. दोघेही चार-चार गुणांनी हरले आणि चार गुणांचा फरक कबड्डीत थोड्याच चढायांत उलटतो, हे प्रत्येक प्रशिक्षक जाणतो.

हरलेल्या अव्वल संघाला पुन्हा एक सामना देण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातली. तिथल्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने १९३१ मध्ये ती पहिल्या चार संघांसाठी स्वीकारली आणि पेज-मॅकिन्टायर पद्धत म्हणून ती ओळखली गेली. भारतात ती घराघरांत पोहोचली २०११ मध्ये आयपीएलमुळे. त्याआधीच्या तीन हंगामांत आयपीएललाही साधे उपांत्य सामने होते. या पद्धतीची दुसरी बाजू पुणेकरांइतकी कोणी भोगलेली नाही. २०१७ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंटने पहिल्या क्रमांकावरच्या मुंबई इंडियन्सला क्वालिफायर-१ मध्ये, तेही वानखेडेवर, वीस धावांनी हरवलं. मुंबईला दुसरी संधी मिळाली, तिने कोलकात्याला हरवलं आणि अंतिम सामन्यात पुण्याला एका धावेने. त्या रात्री अनेकांना वाटलं, ज्याला आपण बाद फेरीत हरवलं तो परत येतोच कसा. पण मुंबईने साखळीत पहिला क्रमांक मिळवून ती संधी कमावलेली होती आणि पुण्यानेही दुसऱ्या क्रमांकामुळे तीच कमावलेली होती. पुण्याला ती वापरायची वेळ आली नाही, इतकंच. कमावलेली दुसरी संधी आणि फुकटची दुसरी संधी यात फरक आहे आणि कबड्डीने बाराव्या हंगामात जे केलं ते पहिल्या प्रकारात मोडतं. म्हणून ते योग्य पाऊल आहे.

बदल फक्त बाद फेरीत झाला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण साखळीचंही रूप पालटलं. आधी विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तर एक गुण मिळत असे. आता विजयाला दोन, पराभवाला शून्य. प्रेक्षकाला तक्ता चटकन कळतो, हे मान्य. गमावलं काय ते मात्र शेवटच्या दोन मिनिटांत दिसतं. दहा गुणांनी मागे पडलेला संघ पूर्वी सामना गेला तरी झुंजत राहायचा, कारण फरक सातवर आणला की एक गुण पदरात पडायचा. चढाईपटू बोनससाठी जीव टाकायचा, बचावफळी अखेरची पकड साधायला धडपडायची आणि समोरचा संघ ती आघाडी राखायला तितकाच धडपडायचा. हरलेल्या सामन्यातही काहीतरी जिंकायला शिल्लक असायचं. ती झुंज आता गुणफरकापुरती उरली आहे आणि हा तोटा लहान नाही.

बरोबरी मात्र रद्द झाली हे उत्तम झालं. सामना समान गुणांवर संपला की दोन्ही संघ सात-सात खेळाडूंनिशी उतरतात आणि पाच-पाच चढाया होतात. प्रत्येक चढाईला वेगळा खेळाडू. कोणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. निदानरेषा हीच बोनसरेषाही धरली जाते, त्यामुळे चढाईपटूला बोनस जवळ येतो आणि बचावाला तो वाचवण्यासाठी पुढे सरावं लागतं. तेवढ्यानेही निकाल लागला नाही तर सुवर्ण चढाई. २९ ऑगस्ट २०२५ ला विशाखापट्टणममध्ये पहिल्याच दिवशी ही वेळ आली. पुणेरी पलटण आणि बेंगळुरू बुल्स ३२-३२ वर अडकले आणि पलटणने जादा डाव ६-४ असा जिंकला. समालोचकांना ते नवं वाटलं असेल, महाराष्ट्रातल्या कबड्डी रसिकाला नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या कितीतरी सामन्यांचे निकाल इथे पाच-पाच चढायांवर लागले आहेत. पाचवा चढाईपटू कोण पाठवायचा यावरून मैदानाबाहेर रंगणारे वाद म्हणजे या खेळाची खरी शाळा आहे. ज्या संघाकडे दोनच चांगले चढाईपटू आहेत त्याची इथे पंचाईत होते. तिसरं, चौथं, पाचवं नाव सांगताना प्रशिक्षकाचा चेहराच बोलतो.

आणखी एक बदल आहे आणि त्याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष गेलं नाही. अकराव्या हंगामात प्रत्येक संघ बावीस सामने खेळला, म्हणजे उरलेल्या अकरा संघांशी दोनदा. बाराव्यात हे सामने अठरावर आले. एकूण साखळी सामने १३२ वरून १०८. आता अठराला अकराने भाग जात नाही. सगळ्यांशी एकेकदा खेळून झालं की सात सामने उरतात, म्हणजे काहींशी दुसऱ्यांदा गाठ पडते आणि काहींशी पडत नाही. कोणाच्या वाट्याला दिल्ली दोनदा येते, कोणाच्या वाट्याला तळातला संघ. एका-दोन विजयांच्या फरकावर सहावा, सातवा आणि आठवा ठरत असताना ही तफावत मोठी आहे.

त्यामुळेच आठ संघांना प्रवेश देण्याविषयी घाईने मत बनवू नये. बारापैकी आठ, म्हणजे दोन तृतीयांश संघ पुढे जाणार असतील तर साखळीला अर्थ काय, हा आक्षेप बिनतोड वाटतो. अकराव्या हंगामात हा नियम असता तर आठव्या क्रमांकाचा पुणेरी पलटण बालेवाडीत आपल्या प्रेक्षकांसमोर प्ले-इन खेळला असता आणि तेव्हा इथल्या कुणी तक्रार केली नसती, हेही खरं. पण प्रश्न आपल्या संघाच्या फायद्याचा नाही. तक्ता जर असमान सामन्यांवर बनत असेल, तर सहाव्या आणि सातव्या क्रमांकात तलवारीने रेघ मारणं हाच अन्याय आहे. सातव्याला दार उघडं ठेवायचं आणि त्याची वाट सहा सामन्यांइतकी लांब करायची, हा तोडगा रास्त आहे. आठव्यापर्यंत जाण्याची मात्र गरज नव्हती. २०२५ मध्ये आठव्या क्रमांकाच्या जयपूरने पाचव्या क्रमांकाच्या, गतविजेत्या हरियाणाला प्ले-इनमध्ये ३०-२७ असं बाहेर काढलं. तीन क्रमांक वर असूनही हरियाणाला ना विश्रांती मिळाली, ना दुसरी संधी. पाचव्या आणि आठव्याला एकाच मापाने मोजणारी ही एक जागा या रचनेत उसवलेली आहे. पाचव्याला प्ले-इनमधून सूट देऊन सातच संघ पुढे नेले असते, तर ती सहज शिवता आली असती.

उरला प्रश्न घरच्या मैदानाचा. कबड्डी हा गलक्याचा खेळ आहे. बंद हॉलमध्ये पाच-सहा हजार लोक एकाच वेळी ओरडायला लागले की चढाईपटूचे पाय हलके होतात आणि पाहुण्या बचावपटूला शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही. साखळी धरून पकड करायची तर ती हाक ऐकू यावीच लागते. बाराव्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत झाले. पुण्यात एकही नाही. पलटण साखळीत पहिला आला, तरी त्याने क्वालिफायरचे दोन्ही सामने आणि अंतिम सामना दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये खेळला आणि त्यातले दोन खुद्द दबंग दिल्लीविरुद्ध. दोन्ही तो हरला, एक जादा चढायांत आणि दुसरा तीन गुणांनी. दिल्ली उत्तम खेळली, तिच्या विजयात खोट काढण्याचं कारण नाही. पण पहिल्या क्रमांकाला विश्रांती आणि दुसरी संधी देणाऱ्या रचनेत पहिल्या क्रमांकाला परक्या गावात पाठवणं बसत नाही.

अडचणी उघड आहेत. प्रक्षेपणाची यंत्रणा, हॉलचं आरक्षण, बारा संघांचा मुक्काम हे सारं हंगामाआधी ठरतं आणि पहिला कोण हे साखळीच्या शेवटच्या दिवसांत कळतं. पण सगळीच बाद फेरी हलवायची गरज नाही. क्वालिफायर-१ हा एकच सामना साखळीतल्या अव्वल संघाच्या शहरात घेता येईल. त्यासाठी प्रत्येक संघाने हंगामापूर्वीच आपल्या शहरातला एक हॉल त्या तारखांना राखून ठेवायला हवा. पुण्याकडे तो आहे. अकराव्या हंगामाची अख्खी बाद फेरी बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलने निभावली आहे, तेही यजमान संघ त्यात नसताना.